उतारावरचा हिशोब

द्वारका म्हटले की कुणाला श्रीकृष्णाची द्वारका आठवते. पण नाशिककराला विचारा. तो म्हणेल, "द्वारका म्हणजे आपला द्वारका चौक!" मुंबईहून आग्र्याकडे जाणारा महामार्ग आणि पुण्याकडून येणारा रस्ता इथे एकमेकांना भेटतात. आता चौकावरून लांबलचक उड्डाणपूलही गेला आहे. कांदा, द्राक्षे, धान्य, सिमेंट, लोखंड, असा नाना तऱ्हेचा माल भरलेले ट्रक या वाटेने जातात. त्यातले मुंबईला जाणारे ट्रक पुढे इगतपुरी ओलांडून कसारा घाट उतरतात.

माल आला की त्याची चढउतार आली. पोते ट्रकमध्ये चढवायचे, मुक्कामाला पोचले की उतरवायचे. आणि मालाने भरलेला ट्रकही घाट चढतो, घाट उतरतो. फळीवरून घसरणारे पोते आणि घाट उतरणारा ट्रक, या दोन गोष्टी दिसायला किती वेगळ्या! पण दोन्हींचा हिशोब एकच आहे. तो हिशोब आज आम्ही तुम्हांला सांगणार आहोत. बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि भागाकार येत असले म्हणजे पुरे. हा हिशोब ज्याला कळला त्याचे हातपाय वाचतील. कधी कधी जीवही वाचेल.

काम कशाला म्हणायचे?

आधी माप ठरवू. धान्याला किलो, कापडाला मीटर, तसे कामाला काय? एक किलो वजन सरळ एक मीटर वर उचलले की एक माप काम झाले, असे आपण धरू. शास्त्रज्ञ ज्यूल नावाचे माप वापरतात. आपल्या एका मापात साधारण ९.८ ज्यूल बसतात. पण आपल्याला आपले माप बरे.

आता समजा, द्वारकेजवळ एक ट्रक उभा आहे. त्याच्या हौद्याची उंची जमिनीपासून १.२ मीटर आहे. पोते ५० किलोचे आहे. ते वर ठेवायला किती काम लागेल? ५० गुणिले १.२, म्हणजे ६० मापे.

ही ६० मापे गेली कुठे? ती वाया गेली नाहीत. पोते वर जाऊन बसले, त्याबरोबर तीही वर जाऊन बसली. पोस्टात पैसे ठेवावेत तशी ती उंचीवर ठेव झाली. या ठेवीला शास्त्रात स्थितिज ऊर्जा म्हणतात. ऊर्जा म्हणजे काम करण्याची ताकद. पोते वर आहे तोवर ठेव शिल्लक आहे. पोते खाली आले की ठेव बाहेर पडणार. ती बाहेर पडताना कोणत्या वाटेने जाते, यातच सगळी मेख आहे.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो. डोक्यावर पोते घेऊन माणूस सपाट जमिनीवर शंभर पावले चालला, तर पोत्याची उंची वाढत नाही. म्हणून शास्त्राच्या हिशोबात पोत्यावर काम झाले नाही. पण माणूस दमतो, हे खरेच आहे. ओझे नुसते तोलून धरायलाही स्नायूंना आतल्या आत राबावे लागते. तेव्हा शास्त्राचे काम वेगळे आणि मजुरीचे काम वेगळे. एकाचा हिशोब दुसऱ्याला लावून कुणी कुणाची मजुरी कापू नये!

फळीची युक्ती

५० किलोचे पोते सरळ उचलायला पाठीवर ५० किलोचा भार येतो. म्हणून हमाल फळी लावतात. फळीचे एक टोक जमिनीवर, दुसरे हौद्यावर. अशा तिरप्या वाटेला उतरण म्हणतात. समजा, फळी ३.६ मीटर लांब आहे. म्हणजे उंचीच्या तिप्पट. मग पोते वर ढकलायला ५० किलोच्या एक तृतीयांश, म्हणजे सुमारे १७ किलोचा जोर पुरतो. जोर तिसऱ्या हिश्शाचा, पण वाट तिप्पट. गुणाकार करून पाहा, काम ६० मापांचेच येते. उतरणीने जोर वाचतो, काम वाचत नाही.

भरलेली हातगाडी चढावर नेणारा माणूस सरळ न जाता नागमोडी जातो. घाटाचा रस्ताही वळणे घेत घेत जातो. त्यामागे हीच युक्ती आहे. वाट लांब केली की जोर कमी लागतो.

पण पोते फळीला घासते. या घासण्याच्या विरोधाला घर्षण म्हणतात. समजा, आपल्या फळीवर घर्षणाचा विरोध १० किलोचा आहे. मग पोते ढकलायला १७ अधिक १०, असा सुमारे २७ किलोचा जोर लावावा लागेल. घर्षणाने पूर्ण वाटभर खाल्लेले काम किती? १० गुणिले ३.६, म्हणजे ३६ मापे. ठेव ६०, घर्षण ३६, एकूण खर्च ९६ मापे.

"म्हणजे फळी लावून काम वाढलंच की!" असे तुम्ही म्हणाल. खरे आहे. काम वाढले. पण पाठीवर एका वेळी येणारा भार ५० वरून २७ वर आला. मणका मोडतो तो एकदम येणाऱ्या भाराने. म्हणूनच एका माणसाने किती ओझे उचलावे याला जगात मर्यादा सुचवल्या गेल्या. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची मर्यादा सुचवली. आपल्या महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी आणि हमाल कामगारांसाठी खास कायदा झाला. फळी ही गरिबाची यंत्रसामग्री आहे. तिला लाजू नये.

खाली येताना काय होते?

आता तेच पोते उतरवू. वर ६० मापांची ठेव आहे. खाली ती शून्य होणार. ६० मापे कुठेतरी जायलाच हवीत. त्यांना वाटा दोनच. काही घर्षण खाते. ती मापे उष्णतेत जातात. फळी आणि पोते किंचित तापतात. जे घर्षणाने खाल्ले नाही, ते सगळे वेगात जाते. वेगातल्या या ताकदीला गतिज ऊर्जा म्हणतात.

आपला हिशोब असा:

ठेव ६० मापे.
घर्षणाने खाल्ली ३६ मापे.
वेगात उरली २४ मापे.

२४ मापे घेऊन ५० किलोचे पोते फळीच्या पायथ्याशी आले, तर त्याचा वेग ताशी सुमारे ११ किलोमीटर असतो. सावकाश चालणाऱ्या सायकलीएवढा.

आता पाऊस पडला. फळी ओली, बुळबुळीत झाली. समजा घर्षणाचा विरोध १० किलोवरून ४ किलोवर आला. मग घर्षण १४ मापे आणि वर थोडे, एवढेच खाईल. वेगात सुमारे ४६ मापे उरतील. म्हणजे जवळजवळ दुप्पट! ठेव तीच, पोते तेच, ट्रकही तोच. फक्त खाणारा अशक्त झाला.

किंवा समजा, लांब फळी मिळाली नाही. कुणीतरी १.८ मीटरची आखूड फळी लावली. फळी कोरडी आहे. पण घासण्याची वाट निम्मी झाली. शिवाय उभ्या फळीवर पोत्याचा दाबही कमी पडतो, म्हणून घर्षणाचा विरोध १० वरून सुमारे ८ किलोवर येतो. ८ गुणिले १.८, म्हणजे १४ मापे आणि वर थोडे. वेगात पुन्हा सुमारे ४६ मापे उरली. ओली फळी आणि आखूड फळी, दोन्हींचा शेवट सारखाच झाला.

आणि घर्षण मुळीच नसते तर? ६० च्या ६० मापे वेगात गेली असती. पोते ताशी १७ किलोमीटरच्या वर वेगाने आले असते. गंमत अशी की घर्षण नसताना हा वेग फळीच्या लांबीवर अवलंबून नसतो आणि पोत्याच्या वजनावरही नसतो. तो फक्त उंचीवर अवलंबून असतो.

समोर का उभे राहू नये?

एक नवा गडी कामावर आला. फळीच्या पायथ्याशी उभा राहून तो दोन्ही हातांनी पोती झेलू लागला. मुकादमाने त्याला हटकले.

"आरं, फळीच्या म्होरं कशाला उभा राहतोस? बाजूला हो."

"मुकादम, पोतं तर पन्नास किलोचं. एवढं तर मी रोज उचलतो. झेलता येणार नाही होय?"

"उचलायचं पोतं जागेवर बसलेलं असतं, बाबा. हे पळत येतंय. बसलेल्या बैलाला हात लावणं वेगळं आणि उधळलेल्या बैलाला धरणं वेगळं."

मुकादम बरोबर बोलला. त्याचे बोलणे आपण आकड्यांत मांडू. पळत येणारी वस्तू थांबवायची म्हणजे तिच्या वेगातली मापे काढून घ्यायची. किती जोर लागेल? मापांना थांबण्याच्या अंतराने भागा. कोरड्या लांब फळीवरच्या पोत्याची २४ मापे अर्ध्या मीटरात काढायची, तर ४८ किलोचा जोर लागेल. ओल्या फळीवरच्या पोत्याची ४६ मापे काढायला ९२ किलोचा. आणि हात अखडले, अंतर अर्ध्या मीटरऐवजी पाव मीटरच मिळाले, तर जोर दुप्पट. म्हणून मनगट मुरगळते, छातीला मार बसतो.

आता २०० किलोचे भरलेले पिंप घ्या. १.२ मीटर उंचीवर त्याची ठेव २४० मापांची. शिवाय ते घसरत नाही, गडगडते. गडगडणाऱ्या वस्तूला घर्षण फारसे खात नाही. जवळजवळ सगळी मापे तिच्या धावण्यात आणि फिरण्यात उरतात. असे पिंप अर्ध्या मीटरात अडवायला ४८० किलोचा जोर हवा. कुणाचा पाय तो सोसणार? पायथ्याशी उभा राहून पायाने पिंप अडवणे म्हणजे पाय गमावणे.

मग करायचे काय? ठेव टाळता येत नाही. पण ती हळूहळू खर्च करता येते. आपल्या कोरड्या फळीवर पोते सुमारे १७ किलोच्या ओढीने खाली येऊ पाहते, घर्षण १० किलोने अडवते. उरले ७ किलो. पोत्याला वरून दोर बांधून ७ किलोचा ताण धरला, की पोते मुंगीच्या पावलाने उतरते. वेगात जाणारी २४ मापे दोराने वाटेतच खाल्ली. पिंपाला दोर जाड हवा, माणसे जास्त हवीत. दोराचा एक वेढा मजबूत खांबाला किंवा हुकाला दिला, तर दोराचे घर्षणही मदतीला येते. पायथ्याशी वाळूचे किंवा भुश्श्याचे पोते ठेवावे. ते दबते, थांबण्याचे अंतर वाढते, धक्का कमी बसतो. आणि माणसाने उभे राहावे ते फळीच्या बाजूला. समोर कधीही नाही.

हे कुणी शोधले?

इटली देशात गॅलिलिओ नावाचा शास्त्रज्ञ होऊन गेला (१५६४ ते १६४२). सरळ खाली पडणारी वस्तू फार झटकन पडते, तिची चाल मोजता येत नाही. म्हणून त्याने एका लांब लाकडाला गुळगुळीत खाच पाडली. ते लाकूड तिरपे ठेवले आणि खाचेतून धातूचा गोळा सोडला. त्या काळी बारीक वेळ मोजणारे घड्याळ नव्हते. त्याने भांड्यातून पाण्याची बारीक धार सोडली आणि जमलेले पाणी तोलून वेळ मोजली. उतरणीवर वेग कसा वाढत जातो ते त्याने असे शोधून काढले आणि १६३८ साली आपल्या ग्रंथात छापले.

पुढे इंग्लंडात जेम्स ज्यूल झाला (१८१८ ते १८८९). त्याच्या घरचा बिअरचा कारखाना होता. त्याने उंचावरून वजने हळूहळू खाली सोडली आणि त्यांच्या दोरीने पाण्यातली वल्ही फिरवली. पाणी घुसळून किंचित गरम झाले. उंचीवरची ठेव उष्णतेत गेली, हे त्याने मापून दाखवले. आपल्या मापात सांगायचे तर एक लिटर पाणी एक अंश तापवायला सुमारे ४२७ मापे लागतात. आता कळले ना, पोते घसरल्यावर फळी तापलेली हाताला का लागत नाही? तिथे मापेच मुळी ३६. पण घाटात तसे नसते.

कसारा घाटातला ट्रक

कसारा घाटाचे जुने नाव थळ घाट. समजा, मालासह २५ टन, म्हणजे २५,००० किलो वजनाचा ट्रक घाटातून ३०० मीटर उंची उतरतो. त्याची ठेव किती? २५,००० गुणिले ३००. म्हणजे ७५ लाख मापे!

हा आकडा किती मोठा आहे ते पाहा. तोच ट्रक सपाट रस्त्यावर ताशी ८० किलोमीटरने धावत असेल, तर त्याच्या वेगात सुमारे सव्वासहा लाख मापे असतात. घाटाची ठेव त्याच्या जवळजवळ बारापट आहे. कशानेच अडवले नसते, तर पायथ्याशी ट्रकचा वेग ताशी २७० किलोमीटरच्याही वर गेला असता.

ही ७५ लाख मापे खाणारे कोण? थोडी वारा खातो. थोडी टायर खातात. उरलेली सगळी ब्रेकने किंवा इंजिनाने खायची. एकट्या ब्रेकवर टाकली तर? एवढ्या उष्णतेत अडीचशे लिटर साधे पाणी उकळायला लागेल. ती सगळी उष्णता चाकांच्या ब्रेकमध्ये शिरते. ब्रेक फार तापले की त्यांची पकड सुटते. ड्रायव्हर पायडल दाबतो, पण गाडी आवरत नाही. लोक म्हणतात, "ब्रेक फेल झाले." खरे तर पुष्कळदा ब्रेक आधीच तापून थकलेले असतात.

म्हणून जाणते ड्रायव्हर घाट सुरू होण्याआधीच गाडी खालच्या गियरमध्ये घालतात. मग चाके इंजिनाला फिरवतात. हवा ओढण्यात, दाबण्यात आणि आतल्या घर्षणात इंजिन पुष्कळ मापे खाते. ब्रेक थंड राहतात, अडीअडचणीला उपयोगी पडतात.

काही जण डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात. काहीजण तर इंजिनच बंद करतात. हे फार घातक आहे. न्यूट्रल केले की इंजिन हा मोठा खाणारा पंगतीतून उठला. सगळा भार ब्रेकवर आला. जड गाड्यांचे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात आणि ती हवा भरणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद केले की हवा भरणेही बंद. बरे, डिझेल तरी वाचते का? नव्या गाड्यांत गियरमध्ये असताना पाय काढला, की डिझेलचा पुरवठा आपोआप थांबतो. म्हणजे न्यूट्रल करून मिळाले काहीच नाही, जीव मात्र टांगणीला लागला.

आणखी एक नियम पक्का ध्यानात ठेवा. वेग दुप्पट झाला की वेगातली मापे दुप्पट होत नाहीत, चौपट होतात. ताशी ४० ऐवजी ८० ने चाललात, तर तेच ब्रेक दाबून थांबायला चौपट अंतर लागते. वेग तिप्पट, तर मापे नऊपट.

रेल्वेचा हिशोब

रेल्वेलाही हा हिशोब चुकलेला नाही. १८६५ साली थळ घाट चढून रेल्वे इगतपुरीला पोचली. या घाटाचा चढ ३७ ला १ असा आहे. म्हणजे ३७ मीटर पुढे गेले की १ मीटर वर. आपल्या फळीचा चढ ३.६ ला १.२, म्हणजे ३ ला १ होता. त्या मानाने रेल्वेचा चढ अगदी सौम्य वाटतो. पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक फार कमी घासते. म्हणून रेल्वेला हाही चढ भारी आहे. कसाऱ्याहून वर जाताना गाडीला मागून जादा इंजिने लावतात, ती तुम्ही पाहिली असतील.

उतरताना गाडी आवरली नाही तर? त्यासाठी घाटात कॅच साइडिंग असते. म्हणजे मुख्य रुळापासून फुटलेला, चढावर जाणारा फाटा. सुटलेली गाडी त्या फाट्यावर जाते. तिथे चढ लागतो. गाडीच्या वेगातली मापे पुन्हा उंचीत जमा होऊ लागतात आणि गाडी मंदावते. काही घाटरस्त्यांवर ट्रकसाठीही असेच वाळूचे किंवा खडीचे चढते फाटे केलेले असतात. तिथे चढ थोडी मापे घेतो आणि खडी थोडी खाते.

आताच्या विजेच्या इंजिनांनी तर कमाल केली आहे. उतरताना त्यांच्या मोटारी उलट कामाला लागतात आणि वीज तयार करून वरच्या तारेत परत सोडतात. जी ठेव उष्णतेत वाया गेली असती, तिच्यातला काही भाग दुसऱ्या गाडीला कामी येतो.

मंडळी, उंचीवरची ठेव कुणाच्या गयावया करण्याने कमी होत नाही. पोते असो की पंचवीस टनांचा ट्रक, खाली येताना मापन् माप बाहेर पडणारच. ते कुणी खायचे हे मात्र आपल्या हाती आहे. फळी लांब आणि कोरडी ठेवा. दोर धरा. पायथ्याशी वाळूचे पोते टाका. घाटात गियर खालचा ठेवा, ब्रेक राखून वापरा. खाणारे आधी पंगतीला बसवा, मगच माल किंवा गाडी उतारावर सोडा. नाहीतर उरलेली मापे समोर जो सापडेल त्याच्याकडून वसूल होतात.